ओल्या हातांची पेटी

"पूस आधी हात," दयारामदादा म्हणाले. "पट्ट्या कशा चिपचिप झाल्या, पाह्य."

माणिकरावाने धोतराला तळवे पुसले. पुसता पुसताच ते पुन्हा ओले झाले. लहानपणापासून त्याचे हात असेच होते. ऐन थंडीतही पाझरायचे. शिंप्याकडे काम शिकायला गेला, तर पांढऱ्या कापडावर डाग पडायला लागले, म्हणून ते सुटलं. शेतातल्या निंदणीत मात्र कोणी हात पाहत नव्हतं.

हार्मोनियमची ती पेटी वरवट बकाल गावच्या बौद्ध वस्तीने वर्गणी काढून घेतली होती. वाजवणारा तुळशीराम कामासाठी खामगावला गेला आणि गायन पार्टीत पेटीवर बसायला कोणी उरलं नाही. माणिकरावाची बायको तानाबाई पार्टीत गायची. पेटीवाचून तिचा आवाज त्याला एकटा वाटायचा. म्हणून त्याने पार्टी सांभाळणाऱ्या दयारामदादांकडे शिकायला सुरुवात केली.

बोटं घसरत. एकदा त्याने हातांना पावडर चोपडली, तर घामात भिजून तिचा पट्ट्यांच्या फटींत लगदा झाला. दादांना सगळी पेटी खोलून साफ करावी लागली.

"माणिक, आयक," ते हळूच म्हणाले. "पेटी साऱ्या वस्तीची हाय बापा. खराब झाली त लोकाइले काय सांगू?"

त्या संध्याकाळी तो ताटावर नुसता बसून राहिला.

"काऊन जेवत नाही?" तानाबाईने विचारलं.

"दादा बरोबर बोलले. हे हातच वाईट हायेत."

तिने त्याचा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. "लग्नात बी असाच वला होता. मले वाटलं, हा माणूस माह्यापेक्षा जास्त भेला हाय. तवा कुठं माह्यं भेव गेलं." मग म्हणाली, "जयंतीले तुमी पेटीवर नाही, त मी बी गात नाही."

सकाळी जाऊन तिने दादांनाही तेच सांगितलं.

चौदा एप्रिलला दिवस मावळला तरी जमीन तापलेलीच होती. आजूबाजूच्या गावांची माणसं मांडवात दाटली होती. पहिल्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक पट्टी खाली बसली ती वर येईना. भाता हलला की तोच सूर वाजत राही. माणिकरावाने नखाने उचलून पाहिली, बोट निसटलं. मागे कोणीतरी हसलं. त्याचा भात्यावरचा हात थांबला.

"थांबू नका," तानाबाई म्हणाली.

तिने क्षणभर तो अडकलेला सूर ऐकला आणि तिथूनच गाणं उचललं. तिच्या नेहमीच्या पट्टीहून ते वर होतं. इतका उंच तिचा आवाज माणिकरावाने कधी ऐकला नव्हता. त्याने पट्ट्या सोडल्या आणि फक्त भाता हलवत राहिला. मागचे लोक ऐकायला पुढे सरकले.

गाणं संपल्यावर दादा पुढे वाकले. "आता दुसरं कोणत्या सुरात?"

"याच सुरात, दादा," माणिकराव म्हणाला. "दुसरा सूर पेटी देऊनच नाही राह्यली."

दादा हसले. तानाबाईने पदर सावरला, आणि माणिकरावाने भाता ओढला.