एक नंबरची जर्सी

"मॅटनंच घात केला. मातीत खेळवा म्हणावं, मग बघा."

कमरुद्दीन हे बशीतल्या चहाला सांगत होता. हातभर अंतरावर त्याची बायको जहिरा शिलाई मशीनवर वाकली होती, पण तिला सांगून उपयोग नाही हे वीस वर्षांच्या संसारात त्याला कळून चुकलं होतं. मागच्या रविवारी घात पंचांनी केला होता, त्याच्या आधी नगरच्या पाण्यानं, आणि त्याच्याही आधी जहिरानं त्याची टोपी धुतल्यानं. तेव्हापासून टोपी धुतली नव्हती. तरी हरायचं ते चालूच होतं.

"मॅट काय आपल्याच पायाखाली अंथरत्यात?" जहिरा दोरा तोडत म्हणाली.

"त्यांना सवय हाय."

"आपल्यालाबी तीन वर्षं झाली की."

कमरुद्दीननं बशी तोंडाला लावली. वाद संपला असं तो याच रीतीनं कळवायचा.

बेलापूरच्या प्रवराकाठ मंडळाचा कबड्डीचा संघ ओळीनं सहा सामने हरला होता. सातवा रविवारी राहुरीला. तोही गेला तर संघ वरच्या गटातून खाली जाणार, आणि मग खालच्या गटातल्या पोरासोरांशी खेळायचं. गावात लोक एकमेकांना रामराम करायच्या आधी उसासा टाकायला लागले होते.

जहिराला वाईट वाटायचं ते काही नवऱ्यासाठी नव्हे. ती स्वतःच या संघाची. लहानपणी मैदानाच्या दोरीला चिकटून बसायची. लग्नाच्या पंगतीतून नवरदेव अर्धा तास गायब झाला, सेमीफायनलचा निकाल घ्यायला. ती रुसली ती तो गेला म्हणून नाही, एकटाच गेला म्हणून. दहा-बारा वर्षांपासून संघाच्या जर्सीही तीच शिवायची.

तिची माप घ्यायची रीत तिची तिनंच काढलेली. शाळा चौथीत सुटली. आकड्यांशी तिचं फारसं जमलं नाही. म्हणून दर खेळाडूची एक चिंधी. मांजरपाटाची लांब पट्टी अंगाभोवती धरायची, छातीला एक गाठ, कमरेला दुसरी. चिंध्या मशीनमागच्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या. आकडा विसरतो, गाठ विसरत नाही, असं ती म्हणायची.

यंदा दिवाळीनंतर पहिला आला तो कॅप्टन सूर्यभान, नेहमीसारखाच. एक नंबरची जर्सी त्याची. छत्तीस वर्षांचा गडी. चढाईला गेला की त्याच्या एका दमात गावातली पोरं दोनाचा पाढा म्हणून मोकळी व्हायची. तो जहिराच्या शिलाईच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बोलायच्या आधी श्वास जमवला.

जहिरानं पट्टी त्याच्याभोवती धरली, गाठ मारली, आणि खिळ्यावरची गेल्या वर्षीची चिंधी काढून शेजारी धरली. छातीच्या दोन्ही गाठींमध्ये चार बोटं अंतर होतं. कमरेला पाच.

दर वर्षी तिनं त्याची शिवण ढिली केली होती. आत घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

सूर्यभाननं दोन्ही चिंध्या बघितल्या. मग भिंतीकडे तोंड करून खोकला. बराच वेळ.

"भाभी, जुन्याच मापानं शिवा," तो म्हणाला. "सीझनमदी अंग भरतं माझं."

"कधीपासून हाय हा खोकला?"

"धूळ हो. ऊसतोडीची."

आणि जहिरानं जुन्याच मापानं शिवली. त्यानं सांगितलं म्हणून, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे नव्या मापावर कात्री चालवायची तर ते खरं मानावं लागलं असतं.

मग सामने सुरू झाले, आणि एकेका हारेला एकेक कारण मिळत गेलं. सूर्यभानचा दम मधेच तुटायचा. पूर्वी कबड्डी-कबड्डी दोरासारखं सलग यायचं, आता मध्ये मध्ये गुंता. पंच शिट्टी वाजवायचे, गावकरी पंचांना शिव्या द्यायचे. "कॅप्टन यंदा फिट झालाय," असं सगळे म्हणायचे, आणि म्हणताना त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

पिठाच्या गिरणीत सूर्यभानची बायको सत्यशीला भेटली. जहिरानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तब्येत कशी हाय भाऊंची?"

"लई बरी. रात्रीचं जेवण सोडलंय, म्हनून जरा उतरलेत." तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं. "झोपेत घाम येतो तेवढा. पंखा बिघडलाय आमचा."

जानेवारीत कुणाचा पंखा चालतो, हे दोघींनीही विचारलं नाही. जहिराच्या माहेरी तिच्या चुलत्याला असाच घाम यायचा. घरात त्याला सात महिने नुसता घामच म्हणत राहिले. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला चालवत नव्हतं.

त्या दिवसापासून ती दोन चिंध्या पिशवीत घेऊन फिरायला लागली. कुणाला तरी दाखवायच्या म्हणून. रोज पिशवी तशीच घरी यायची.

रविवारी कमरुद्दीनच्या टेम्पोत सगळे दाटीवाटीनं निघाले. पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे उसाचे ट्रॅक्टर. मंडळाचे अध्यक्ष कारभारीनाना केबिनमध्ये बसले होते. गेली तीन वर्षं ते मागे बसले की संघ हरतो असं ठरलं होतं. पुढे बसूनही हरतो, हे अजून कुणी ठरवलं नव्हतं.

मागच्या फळीला टेकून सूर्यभान डोळे मिटून बसला होता. अंगावर स्वेटर, वर जर्सी. खड्डा आला की खोकायचा आणि मग हसून म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या." जणू दुसरंच कुणीतरी खोकलं होतं.

पहिल्या डावात बेलापूर बरं खेळलं. दोन गुण मागे, म्हणजे अलीकडच्या मानानं आघाडीच. कमरुद्दीन टोपी पकडून उभा. मग सूर्यभान चढाईला गेला.

जहिरा ओठ न हलवता दोनाचा पाढा म्हणायला लागली. बे एके बे. बे दुणे चार. तो डावीकडे झुकला, कोपऱ्यातल्या गड्याला हूल दिली, अगदी पूर्वीसारखी. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे... आवाज नव्हता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याच क्षणी समोरच्या गड्याची मूठ त्याच्या ढगळ जर्सीत अडकली, आणि सूर्यभान गुडघ्यांवर आला. शिट्टी.

"फाऊल हाय. कापड धरलंय," कारभारीनाना दोरी ओलांडून आत गेले. "कापड धरलेलं चालत न्हाई."

"दम आधी तुटला, बाबा," पंच म्हणाले. "कापडाच्या आधी."

मध्यंतराला बेलापूरचे सगळे टेम्पोच्या सावलीत जमले. सूर्यभान चाकाला टेकून बसला होता. पाणी तोंडापर्यंत न्यायचा आणि खाली आणायचा. कुणीतरी त्याच्याकडे बघायला हवं होतं. सगळ्यांनी जर्सीकडे बघितलं.

"ही बघा," नानांनी जर्सीचा घोळ चिमटीत धरला. "एवढं ढगळ असतं का कुठं? झबलं शिवलंय का जर्सी? जहिरा, पोरी, तुझ्या मापामुळं गेला आज गुन."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच बरं वाटलेलं दिसलं. मॅट झाली, पंच झाले, पाणी झालं. आता शिंपीण सापडली होती, आणि तिला दुरुस्त करता येत होतं.

"टाका मारा दोन बाजूनं," नाना म्हणाले. "सेफ्टी पिना आना कुनीतरी. दुसऱ्या डावात पहिली चढाई सूर्यभानचीच."

कमरुद्दीन तिच्या कानाशी आला. "म्हन की चुकलं म्हनून," तो हळूच म्हणाला. "काय जातंय आपलं. विषय मिटंल."

खरंच मिटला असता. दोन शब्द, चार पिना. जहिरानं सूर्यभानकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवत होता. दुकानात चौकटीला टेकून जसं बघितलं होतं तसंच. सत्यशीला त्याच्यामागे उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला होता, पण डोळे जहिराच्या पिशवीवर होते. पिशवीत काय आहे ते तिला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

जहिरानं पिशवीत हात घातला. पिना हाताला लागल्या, त्या तिनं तशाच ठेवल्या. दोन्ही चिंध्या काढल्या, एका चिमटीत धरून नानांसमोर लोंबत्या सोडल्या. वाऱ्यानं त्या हलल्या. गाठींमधलं अंतर हललं नाही.

"ही गेल्या सालची. ही यंदाची," ती म्हणाली. तिचा आवाज मैदानावर पंचांनाही ओळखू यायचा, आत्ता तो तिला स्वतःलाच ओळखू येईना. "जर्सी गेल्या सालच्याच मापाची हाय, नाना. कापड वाढलं न्हाई, मानूस झिजलाय. सूर्यभानभाऊ आजारी हाईत. आन् आपल्या समद्यांना ते सहा सामन्यांपासनं ठाव हाय."