मास्तरांच्या न्याहारीचा मान

दक्षिण आफ्रिकेतल्या खान्सबायच्या समुद्रात बोटीवरून माशांचा रगडा ओतून मी शार्कना बोलावतो. माझ्या मुलीला, लिझेलला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला आलेले कुपिडो मास्तर म्हणाले, बोटीला बांधलेल्या लोखंडी पिंजऱ्यात उतरून पाण्याखाली शार्क बघायचाच. पण दोन तास एकही फिरकला नाही.

"ज्याच्या हाकेला मासा येत नाही, त्याच्याशी सोयरीक कशी करायची?" मास्तर म्हणाले. बोलता बोलता ते पांढरेफटक पडले आणि त्यांनी तोंडावर रुमाल दाबला.

"गिळू नका, मास्तर. आमच्या बोटीवर पाण्यात ओकणाऱ्याला मोठा मान," मी म्हणालो.

ते कठड्यावरून वाकले. न्याहारी गेली. थोड्याच वेळात पिंजऱ्याजवळ काळी पाठ वर आली. सगळ्यांनी मास्तरांसाठी टाळ्या वाजवल्या.

"चला व्याही, उतरा पिंजऱ्यात."

"नको. त्याला आता माझी चव कळलीय. बोट वळवा, लग्नाची तारीख किनाऱ्यावर ठरवू."