वटवट्याची मान

संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांमध्ये कापूस भरणाऱ्या गृहस्थांना देवाने सगळं काही दिलं होतं. फक्त साडूही त्याच संग्रहालयात दिला होता.

साडू सांगाडे जोडत. यंदा त्यांनी समुद्रातल्या डॉल्फिनचा आठ फुटी सांगाडा प्रवेशदालनाच्या छताला टांगला. खाली भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात गृहस्थांचा वटवट्या, बोटभर पक्षी, बसणार होता. संचालकबाई म्हणाल्या, "महिनाभर दोन्ही ठेवू. लोक ज्याच्यापुढे जास्त थांबतील, तो कायमचा इथे."

"सात ग्रॅमचा तुमचा पक्षी," साडू डबा उघडत म्हणाले. "कोणी शिंकलं तर उडेल हो."

"उडेलच. पक्षी आहे तो. तुमच्या डॉल्फिनसारखा तारेला लटकलेला नाही."

पण गृहस्थांना जेवण गेलं नाही. घरी त्यांनी बायकोला ऐकवलं, "डॉल्फिनच्या मानेत मणके सात, तेही आखूड. वटवट्याच्या मानेत जवळजवळ दुप्पट. माझा पक्षी स्वतःची पाठ बघतो. त्या माशाला जमेल?"

"मासा नाही तो," बायको भाजी चिरत म्हणाली. "भावोजींनी परवाच समजावून सांगितलं. किती छान सांगतात."

झालं. गृहस्थांनी ठरवलं, मान दाखवायचीच. कोनाड्यापाशीच बसून मानेतली तार वळवताना त्यांची नजर सारखी छताकडे जात होती, आणि हात नजरेमागून जात होते. वटवट्या मागे वळून वर बघत वाळला. मान अशी साधली होती की ते स्वतःवरच खूश झाले.

पहिल्या दिवशी ते खांबाआड घड्याळ घेऊन उभे राहिले. एक आजी नातीला घेऊन कोनाड्याशी वाकल्या.

"मान बघ गं, अगदी जिवंत. पण एवढं काय बघतोय हा?"

आजींनी वर पाहिलं. "अगं बाई, केवढा हा."

कोनाड्यापाशी चार सेकंद, डॉल्फिनखाली सात मिनिटं. महिनाभर हेच. मान सरळ करावी, तर वाळलेली मान वळत नाही, मोडते.

महिनाअखेर संचालकबाईंनी निकाल दिला. "डॉल्फिन कायम. वटवट्याही राहील. त्याच्यामुळे 'वर पाहा' अशी पाटी लावायची वाचली."

साडूंनी गृहस्थांचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे खरोखर ओलावले होते. "मी तुम्हाला जळकुटे समजत होतो. माफ करा."

"छे हो," गृहस्थ म्हणाले. "घरचीच माणसं आपण."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "भावोजी रडले म्हणे. किती हळवे आहेत, नाही?"