मांडवभर केबल

खुटबावच्या लग्नात दोन कॅमेऱ्यांची वेळ एक राहावी म्हणून शूटिंगवाल्या जास्मिनने मांडवभर केबल ओढली होती. पण लांबच्या कॅमेऱ्यावर वेळेचे आकडे उड्या मारत होते. अशाने पुढं दोन्ही चित्रं जुळलीच नसती.

“ताई, म्हुरत थांबायचा न्हाई हां,” नवरीचे आजोबा पोपटराव म्हणाले.

जास्मिनची नजर वर गेली. आपल्या रांगत्या लेकीने, रुबीने ओढू नये म्हणून तिनेच केबल उंचावर, जनरेटरच्या वायरीला बांधली होती. विजेची खरखर तिथूनच शिरत होती! तिने भराभर गाठी सोडून केबल दूर जमिनीवर टाकली. आकडे सरळ चालू लागले.

“पोरगी मोकळी आन् वायर बांधलेली व्हय?” हसत पोपटरावांनी रुबीला उचललं. “बसंल माझ्या मांडीवर.”

अंतरपाट दूर झाला, तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांवर तोच सेकंद दिसत होता. जास्मिनचा जीव भांड्यात पडला.