उपाशीपोटीचा तास

चष्मेवाल्यांनी पाण्याचा पेला भरून त्यावर बशी झाकली, शेजारी गोळ्यांची पट्टी ठेवली आणि खुर्ची ओढून ते टेबलाशी बसले. चष्म्याचं दुकान बंद करून किती तरी वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना चष्मेवालेच म्हणत. थट्टेत बायकोही तेच म्हणायची. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

सून डोळे चोळत आली आणि तिनं सरळ चहाचं आधण ठेवलं.

"अगं, गोळी?"

"बाबा, मी रात्री झोपताना घेते ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसंही चालतं. निदान सकाळचा चहा तरी वेळेवर मिळतो."

"हो की. विसरलोच."

विसरले कसले! कालही ते हेच म्हणाले होते. सुनेला थायरॉइडचा त्रास निघाला तेव्हापासून त्यांची आशा काही सुटत नव्हती. तोच आजार, तीच बारकी पांढरी गोळी.

बायको ती सकाळी घ्यायची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर चहाचं नाव नाही. सुरुवातीला तो तास चष्मेवाल्यांच्या अगदी जिवावर यायचा. पण चहाशिवाय तिला काम सुचायचं नाही, म्हणून ती बसायची आणि बसली की बोलायची. बहिणीनं धरलेला अबोला, स्वप्नात आलेली आई, शेजारणीची करकरणारी चप्पल, काहीही. एकदा चहा झाला की पदर खोचून जी उठायची, ती दिवसभर हाती लागायची नाही. मधेच एकदा तिचं ठरलेलं असायचं, "तुम्ही घ्या ना चहा. तुम्हाला कुठे गोळी आहे?" आणि यांचं ठरलेलं, "काय घाई आहे?"

आता चहा उठल्या उठल्या समोर यायचा आणि त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही.

त्या आठवड्यात सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"रात्रीची गोळी चालते, पण जेवणानंतर तीनेक तास पोटात काही नको," घरी येऊन तिनं सांगितलं. "आणि मी जेवते उशिरा, वर झोपेपर्यंत बिस्किटं चालूच. आता सकाळीच घ्यायची म्हणाल्या. मेला माझा चहा!"

चष्मेवाल्यांना आनंद झाला. पोरीचा रिपोर्ट बिघडला आणि आपल्याला उकळ्या फुटतात, याची लाजही वाटली. ते पेला विसळायला उठले.

दुसऱ्या दिवशी मुलगा पहिल्या पाळीला निघून गेल्यावर सुनेनं गोळी घेतली आणि ती समोर बसली. चष्मेवाले वाट पाहत राहिले. तिनं फोन काढला, थोडा वेळ बोट फिरवलं, कंटाळून पालथा ठेवला. मग जांभई देत म्हणाली,

"काल एक गंमत झाली, बाबा."

ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती.

"एका आजींची कवळी आहे. त्यांना पुढचा दात वाकडाच हवाय. म्हणतात, माझा होता तसाच करा. आमचे साहेब म्हणे, आजी, फुकटात सरळ करून देतो. आजी ऐकतील तर शपथ! सरळ दातांनी मी घरात कुणाला ओळखू येणार, म्हणाल्या."

चष्मेवाले हसले. किती दिवसांनी या टेबलाशी हसू आलं. सूनही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष त्यांच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

"पण बाबा, तुम्ही घ्या ना चहा. तुम्हाला कुठे गोळी आहे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. काचा लखलखीत होत्या, तरी सदऱ्याच्या टोकानं ते त्या पुसत राहिले. बायकोची इतकी आठवण इतक्या महिन्यांत एकदाही आली नव्हती. उत्तर तोंडपाठ होतं. सून बसूनच राहिली.

"काय घाई आहे?" शेवटी ते म्हणाले. "मग? केलास का दात वाकडा?"