रोहिणीच्या मुठीतला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अखंड होतो तेव्हा सिरसाळ्याच्या शिवारातली कुठलीच उंच चिंच मला परकी नव्हती. आता माझे तुकडे वाघरीला, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीला, बांधलेले असतात.

कारखान्यात मी जन्मलो. आत बारीक धाग्यांचा गाभा, वरून घट्ट विणलेली साल. खरं बळ गाभ्याचं. साल त्याला जपते. मेंढरं राखणारा धुळाजी हंगामात चिंचा उतरवायचा, त्याने मला मांजरसुंब्याहून आणलं. तो माझ्या भरवशावर दोन्ही हात सोडून फांदीवर काम करू लागला, तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला पडू द्यायचं नाही.

त्याची बायको रोहिणी चढाईआधी डोळे मिटून मला मुठीतून सरकवायची, न्हाऊ घातलेल्या लेकराचं अंग चाचपावं तशी. चिंचांचे व्यापारी सलीमभाई हसायचे. म्हणायचे, वहिनी दोराची नाडी बघतात.

एकदा विहिरीतली मोटर काढायला शेजारच्या अजिनाथने मला मागून नेलं. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून धुळाजीने दिलं. ट्रॅक्टरला बांधून त्यांनी मला दगडी काठावरून ओढलं. मोटर अडकली, जोराचा हिसका बसला आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. साल मात्र शाबूत राहिली.

दुसऱ्याच सकाळी धुळाजी मला घेऊन चिंचेखाली आला. मला कुठलं तोंड? रोहिणीची मूठ त्या जागी आली, तसा मी मोडलेल्या काडीसारखा वाकलो.

ती थांबली. "आवं, हितं आत पोकळ लागतंय."

"वरून तर कोरा करकरीत हाय. कावून उगं कामाची खोटी करतीस?"

सलीमभाई झाडाखालीच उभे होते, चिंचा न्यायला त्यांचा टेम्पो वाटेत होता. ते म्हणाले, "चढ की बे धुळाजी. बायकोला लई भितोस."

धुळाजीने मला कमरेला घ्यायला हात पुढे केला. रोहिणीने मला सोडलं नाही.

"सलीमभाई, चिंचा उद्या बी झाडावरच हायत्या. माणूस एकदा पडला की न्हाई मिळत."

एवढं बोलून तिने विळा घेतला आणि मला तिथेच कापलं. सालीतून तुटक्या धाग्यांचा भुगा तिच्या ओंजळीत पडला. धुळाजीने तो बघितला, मग मान वर करून उंच फांदी बघितली. सलीमभाई बाजूला गेले आणि फोन करून त्यांनी टेम्पो माघारी पाठवला.

पुढे नवा दोर आला. अजिनाथ पुन्हा मागायला आला, तेव्हा धुळाजीच म्हणाला, "दुसरं काय बी ने. ह्याला माझा जीव टांगलेला असतो."

म्हणून सांगतो मित्रांनो, ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून असतो ती भलत्या कामाला लावू नका. वरून नवी दिसली तरी हात फिरवून बघा, आणि हाताला शंका आली तर कापायला कचरू नका. मला कापलं तेव्हा वाईट वाटलं नाही. धुळाजी जमिनीवर उभा होता.