रेषेच्या आतलं टिंब

आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात त्या सकाळी एकही मशीन चालू नव्हतं. सगळे कारागीर माझ्या कटिंगच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे. एरवी मी जिथे पँटी कापतो तिथे माझा धाकटा भाऊ हात पसरून पडलेला. आदल्या दिवशी मनगटाला कात्रीचं टोक लागलं होतं, एवढंसं. आता अर्धा हात लालबुंद, अंगात फणफणून ताप, आणि जखमेच्या मानाने दुखणं दसपट.

उशाशी रेषाबाबा, खडूच्या रेषेने विष अडवणारे म्हणून गावभर नाव असलेले. हातात माझाच खडू.

"हे विषा, ही रेषा ओलांडलीस तर जळून खाक होशील," बाबा गरजत. दर अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने 'शुद्धी' करायची आणि हातावरची रेषा नव्याने ओढायची. लाली आपली आज्ञाधारकपणे रेषेच्या आत. लोक थक्क. मी दवाखान्याचं नाव काढलं तर इस्त्रीवाले काका माझ्यावरच डाफरले, "मास्तर, गुण येतोय त्यात खोडा घालू नका."

मग बाबांनी सुई घेतली आणि मनगटाशी खुपसली. धाकटा चक्क हसला. "दादा, दुखतच नाही."

टाळ्यांचा कडकडाट. खोटं कशाला सांगू, एक टाळी माझीही होती.

धाकट्याच्या बायकोने मात्र टाळी वाजवली नाही. हातशिलाईत तिचा हात धरणारं कुणी नाही. ती म्हणाली, "दादा, खडू पुसला जातो म्हणून आपण कच्चा टाका घालतो ना? मी दोन तासांपूर्वी बाबांच्या रेषेवर बॉलपेनचं टिंब दिलंय."

कापडाला बॉलपेन लावणाऱ्याला मी कामावरून काढतो. त्या टिंबाला मात्र मी टेप लावला. टिंब लालीत पार बुडालेलं, आणि बाबांची ताजी रेषा त्याच्या अडीच इंच पुढे.

"बाबा, विष थांबलं की तुमची रेषा पळाली?"

बाबांनी डोळे मिटले. "टिंब खाली घसरलं."

पहिले हसले ते इस्त्रीवाले काकाच. रिक्षाही त्यांनीच आणली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि विचारलं, "दुखायचं कधी थांबलं?" आम्ही सुईचा चमत्कार सांगितला. त्या म्हणाल्या, "आतल्या नसा मरतायत, म्हणून कळत नाही. कातडीखालचं मांस सडवत जाणारा संसर्ग आहे हा. औषध शिरेतून लगेच देते, पण मेलेला भाग आत्ताच कापावा लागेल. दुपारपर्यंत थांबला असतात तर हातच काय, माणूसही हाती लागला नसता."

त्यांनीही लालीभोवती रेषा आखली. पेनाने. शेजारी वेळ लिहिली. पुसली एकदाही नाही. तशातही ती रेषा पाहून मला हसू फुटलं.

तीन ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी हाताला लागली, धाकटा वाचला. तुम्हाला एवढंच सांगतो: छोट्या जखमेचं दुखणं भलतंच मोठं असेल, ताप असेल, लाली पसरत असेल, तर तडक दवाखाना गाठा. आणि अशा वेळी दुखणं एकदम थांबलं तर टाळ्या वाजवू नका, धावा.

परवा काज करताना धाकट्याच्या त्याच हाताला सुई टोचली. "आई गं," तो कळवळला.

त्याच्या बायकोने मशीन थांबवलं आणि टाळ्या वाजवल्या. मग आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या.